माझं पुस्तक कुणी विकलं?

पुस्तकाच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या माणसांना हव्या असलेल्या पुस्तकाचं नाव धड सांगता येत नाही. 'रंगढंग आहे का?' असं विचारणाऱ्याला प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' हवं असतं, 'बनकरवाडी' मागणाऱ्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. 'ते कर्णाचं द्या' म्हटलं की विक्रेत्याला क्षणभर थांबावं लागतं, कारण शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय'ही कर्णाचा आणि रणजित देसायांचा 'राधेय'ही कर्णाचाच. काही जण तर 'मागे पेपरात आलं होतं बघा, निळं कव्हर आहे' एवढ्याच भांडवलावर येतात. त्यांनाही पुस्तक मिळतं. कॉलेज संपल्यावर काही वर्षं मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात काउंटरवर उभी होते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

आमच्या मालकांना सगळे काका म्हणत. गिऱ्हाइकानं 'काहीतरी चांगलं द्या' म्हटलं की काका कधीही लगेच पुस्तक काढत नसत. 'मागचं कुठलं वाचलंत?' हा त्यांचा प्रश्न. त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरायचं. 'मृत्युंजय' वाचून भारावलेला वाचक आला तर त्याच्या हातात इरावती कर्व्यांचं 'युगान्त' ते लगेच देत नसत. 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांकडे बाई अगदी कोरड्या, चिकित्सक नजरेनं बघतात. कर्णालाही सूट नाही. काका म्हणायचे, 'आत्ता नको. महिनाभर रडू दे त्याला, मग देऊ.' आणि महिन्यानं तो माणूस आला की खरोखर आठवणीनं काढून द्यायचे. काही लोक रागावून परत यायचे, वाद घालायचे. वाद घालायला आलेला माणूस जाताना आणखी एक पुस्तक घेऊन जायचा, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तो धंदा होताच. पण नुसता धंदा करायचा असता तर त्याच दिवशी दोन्ही पुस्तकं गळ्यात मारता आली असती.

उभ्यानं वाचणारे चार-पाच ठरलेले लोकही आमच्याकडे होते. त्यातला एक मुलगा मंडईतल्या गाळ्यावर कामाला होता. दुपारी गर्दी ओसरली की यायचा, हात पँटला पुसायचा, मागच्या रॅकवरून 'रारंग ढांग' काढायचा आणि खांबाला टेकून वाचायला लागायचा. हिमालयाच्या उभ्या कड्यातून सरहद्दीकडे रस्ता काढणाऱ्या इंजिनिअरची ती गोष्ट. खूण म्हणून त्यानं भाजीच्या हिशेबाची चिठ्ठी आत घालून ठेवलेली असायची, आणि ती कुणी काढायची नाही असा काकांचा दंडक होता. पुढे एकदा काकांनी त्याच्याकडे न बघता, पायानंच एक स्टूल त्याच्या दिशेनं सरकवलं. त्यानंतर तो बसून वाचू लागला.

एक दिवस ती प्रत विकली गेली. आमच्यातल्याच कुणीतरी दिली, चिठ्ठीसकट. दुसऱ्या दिवशी तो आला, रॅक वरून खालपर्यंत धुंडाळला आणि काउंटरशी येऊन मला म्हणाला, 'ताई, माझं पुस्तक कुणी विकलं?' मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या वितरकाकडे पोऱ्याला पिटाळलं, नवी प्रत आणवली आणि 'कुठवर आला होतास रे?' असं विचारून त्याच्या हातात दिली. त्यानं ते पुस्तक संपवलं. विकत घेतलं नाहीच. पुढे तीच प्रत सासवडच्या एका मास्तरांनी नेली. हिशेबाच्या वहीत या सगळ्या प्रकरणाची एकच नोंद सापडेल: एक प्रत विकली.

हातात पुस्तक घेऊन नुसतं चाळणाऱ्याला हाकलणारी दुकानंही होती. मुंबईतलं एक नामांकित दुकान अशाच हाकलण्यातून जन्माला आलं असं सांगतात. तरुण टी. एन. शानभागांना एका दुकानात पुस्तकं चाळताना अपमान सोसावा लागला, आणि कुणीही यावं, कितीही वेळ चाळावं असं दुकान आपण काढायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात त्यांनी छोटासा स्टॉल मांडला. म्हणून ते 'स्ट्रँड बुक स्टॉल'. पुढे हे दुकान फोर्टात सर फिरोजशाह मेहता रोडजवळच्या गल्लीत आलं आणि शास्त्रज्ञांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांचं झालं. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. पुस्तकं लिहिण्यासाठी नाही, विकण्यासाठी. २००९ मध्ये ते गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झालं. शेवटच्या दिवसांत तिथे झुंबड उडाली. अंत्यदर्शनाला आपण वेळेवर पोचतो.

मराठी पुस्तकाचं दुकान हे कधी नुसतं दुकान नव्हतंच, हे जरा मागे गेल्यावर स्पष्ट दिसतं. गणेश भटकळांनी १९२४ साली मुंबईत 'पॉप्युलर बुक डेपो' काढला. त्यातूनच पॉप्युलर प्रकाशन उभं राहिलं. कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' आपण ज्या प्रकाशनाच्या पुस्तकात वाचतो त्याचं मूळ एका दुकानाच्या फळीवर आहे. गिरगावात केशवराव कोठावळ्यांचं 'मॅजेस्टिक बुक स्टॉल' होतं. तिथे लेखक येत, उभ्या उभ्या गप्पा होत, कुणाचं काय छापून येतंय, कुणाचं अडलंय, हे सगळं तिथे कळे. त्या स्टॉलमधून प्रकाशनसंस्था निघाली आणि जानेवारी १९६४ मध्ये 'ललित' हे मासिक निघालं. 'ललित'मधून जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावानं मराठी साहित्यिकांच्या टोप्या उडवत, आणि ज्यांच्या उडत तेही अंक आधी तेच पान उघडून वाचत. पुढे 'मॅजेस्टिक गप्पा' सुरू झाल्या; दुकानातल्या गप्पांना सभागृह मिळालं एवढाच काय तो फरक. वाचकाला काय आवडतंय हे कोठावळ्यांना समीक्षकांच्या लेखांवरून कळत नव्हतं. ते गल्ल्यावर बसून कळत होतं. असा माणूस प्रकाशक झाला तर कोणतं पुस्तक छापायचं याचा त्याचा अंदाज वेगळाच असतो.

आता जरा दुकानाच्या पोटात शिरू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पुस्तकाचं दुकान कथा-कादंबऱ्यांवर चालतं. आमच्या चौकातल्या बहुतेक दुकानांचा खरा हंगाम जून. शाळा उघडल्या की पाठ्यपुस्तकं, वह्या, गाइडं, पुढे दहावीच्या पोरांसाठी एकवीस अपेक्षित, आणि अलीकडे बारमाही एमपीएससी. त्या दिवसांत चौकात पाय ठेवायला जागा नसते. बाप एका हातानं पोराला आणि दुसऱ्या हातानं यादी धरून उभा असतो. या जूनच्या कमाईवर वर्षभराच्या कविता पोसल्या जातात. हे मी गमतीनं म्हणत नाही. कवितेच्या फळीचं भाडं कवितेनं कधीच दिलं नाही, ते गाइडांनी दिलं.

मग दिवाळी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला एक सुंदर खोड लावून दिली, ती अजून सुटलेली नाही. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस दुकानात अंकांचे गठ्ठे सुतळी सोडून मांडायचे, संच लावायचे, 'अमुक आला का?' या प्रश्नाला दिवसभर 'उद्या येतोय' म्हणायचं. काही घरांत वर्षभरात छापील कागद येतो तो या एकाच निमित्तानं. अंक न्यायला आलेली गृहिणी जाताना मुलांसाठी एखादं पुस्तक घेते, आणि हा 'जाताना' फार महत्त्वाचा आहे. दुकानातली निम्मी विक्री या 'जाताना'वर चालते. घरबसल्या मागवणाऱ्याला असं 'जाताना' नसतं. त्याला हवं ते मिळतं आणि तिथेच विषय संपतो.

मार्चमध्ये ग्रंथपाल येतात. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत; अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. अनुदान हातात पडतं उशिरा आणि पावत्या दाखवायच्या असतात मार्चअखेर. मग भोर, वेल्हे, दौंड इथून माणसं एसटीनं येत, दिवसभर पुस्तकं निवडत, आणि संध्याकाळच्या गाडीनं गठ्ठे घेऊन परत जात. राहिलेली पुस्तकं आम्ही एसटीच्या पार्सलनं पाठवायचो. यातले काही ग्रंथपाल नुसती यादी टेकवून चहाला जायचे. पण काही असे होते की वर्षभर वाचकांनी काय काय मागितलं ते वहीत टिपून आणायचे. अशा ग्रंथपालाबरोबर काकांची बैठक बसली की मला दोन तास काउंटर एकटीनं सांभाळावा लागे. एका गावानं पुढच्या वर्षी काय वाचायचं, ते त्या दोघांत ठरत असे. या कामाला कुठे पद नाही, पगार नाही, पुरस्कार तर नाहीच.

कवींचं एक प्रकरण सांगायलाच हवं. स्वतःच्या खर्चानं संग्रह छापणारा कवी पिशवीत पाच प्रती घेऊन येतो. 'ठेवा, विकल्या तर पैसे द्या.' काका ठेवून घेत. दर आठवड्याला कवी येऊन प्रती मोजे आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून स्वतःचा संग्रह पुढच्या रांगेत, पु. लं.च्या शेजारी सरकवून जाई. आम्ही तो परत मागे ठेवायचो. हा खेळ वर्षभर चाले. या पाच प्रतींना कुठल्याही मोठ्या वितरकाच्या गोदामात जागा नाही. त्यातला एखादा कवी पुढे खरोखर कवी निघतो, आणि त्याच्या पहिल्या संग्रहाच्या प्रती फक्त अशाच एखाद्या मागच्या रांगेत सापडतात.

हे सगळं चालतं कशावर, तर मधल्या काही रुपयांवर. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे. दुकानदाराला ते ३५ टक्के कमिशननं मिळालं, म्हणजे १९५ रुपयांना पडलं. हातात राहिले १०५. आता गिऱ्हाईक म्हणतं, 'काय कमी करणार?' त्याला २० टक्के दिले की ६० गेले, उरले ४५. त्यातून जागेचं भाडं, वीज, दोन माणसांचे पगार, डांबराच्या गोळ्या घालूनही कसर लागलेल्या प्रतींचं नुकसान, आणि महिनोन्महिने फळीवर अडकून पडलेले पैसे. संगणकाच्या पडद्यावर तेच पुस्तक ३० टक्के सवलतीत, २१० रुपयांना दिसतं. दुकानदारानं तीच किंमत लावली तर त्याच्या हाती राहतात १५ रुपये. शेजारच्या दुकानात चहा-भजी विकणाऱ्याला यापेक्षा जास्त सुटतात, आणि त्याची उधारी कुणी दोन वर्षं थकवत नाही.

म्हणून मला सवलतीचा राग आहे. शानभागही २० टक्के सवलत द्यायचे, हे कुणी माझ्या तोंडावर फेकेल. खरं आहे. पण ते थेट परदेशी प्रकाशकांकडून मोठ्या संख्येनं पुस्तकं उचलत आणि खप प्रचंड असे. हजार-अकराशे प्रतींची एक आवृत्ती, आणि तीही संपायला तीन-चार वर्षं, अशा मराठी पुस्तकाला ते गणित लावता येत नाही. सवलत द्यायचीच म्हटल्यावर प्रकाशक आधीच किंमत फुगवून ठेवतो, आणि वाचक फुगवलेल्या किमतीवर सूट मिळाली म्हणून खूश होतो. यात फसतो तो छापील किमतीला घेणारा भला माणूस.

फ्रान्सनं हा प्रश्न कायद्यानं सोडवला. झाक लांग सांस्कृतिक मंत्री असताना १९८१ साली तिथे कायदा झाला: नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवेल आणि कुणालाही त्यावर ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येणार नाही. गल्लीतलं दुकान असो की सुपरमार्केट, किंमत एकच. पुढे ऑनलाइन कंपन्या घरपोच फुकट देऊ लागल्या, तेव्हा आणखी एक कायदा आला आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोखालच्या मागणीवर किमान ३ युरो पोचवणावळ आकारणं सक्तीचं झालं. आपल्याकडे असं काही होईल अशी आशा मी धरत नाही. पण दुकानं वाचवण्यासाठी गहिवर काढण्याऐवजी किमतीबद्दल बोलावं, एवढं तरी आपण त्यांच्याकडून घेऊ शकतो.

आता दुसरी बाजू. छोटं दुकान म्हणजे आपोआप चांगलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. 'हात लावायचा असेल तर घ्यायचं' असं तोंडावर सांगणारे दुकानदार पुण्यात मी स्वतः पाहिलेत. गाइडाशिवाय काही न ठेवणारे आहेत, शिल्लक पडलेलं पुस्तकच तुमच्या गळ्यात बांधणारे आहेत. आणि एक गोष्ट आमच्याही दुकानाबद्दल सांगते. दलित साहित्याची फळी आमच्याकडे सगळ्यांत खाली होती, वाकल्याशिवाय दिसायची नाही. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण सदाशिव-नारायण पेठेतल्या गिऱ्हाइकाच्या नजरेची उंची धरून फळ्या लावल्या की असंच होतं.

ज्यांना या दुकानांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांनी आपला बाजार वेगळा मांडला. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर, किंवा दसऱ्याच्या सुमारास नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. जमिनीवर कापड अंथरून, ताडपत्रीखाली, रांगेनं पुस्तकं. बाबासाहेबांचे ग्रंथ, बुद्धचरित्रं, फुले, आत्मकथनं, पंचवीस-तीस रुपयांच्या पातळ पुस्तिका. शासनानं छापलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड घ्यायला लोक तास-तास उभे राहतात. खेड्यातून आलेली, स्वतःला वाचता न येणारी बाई नातवासाठी पुस्तक निवडून घेते आणि विक्रेत्याला विचारते, 'हे त्याला कळंल का?' विक्रेता विचारतो, 'कितवीत आहे?' हा प्रश्न आणि काकांचा प्रश्न एकच आहे. मराठीतला सगळ्यांत जिवंत पुस्तकबाजार दोन-तीन दिवसांचा, बिनभिंतींचा आहे, आणि पुस्तकविक्रीवरच्या लेखांत तो क्वचितच येतो.

याच्या अलीकडे-पलीकडे मोठा ओसाड पट्टा आहे. कित्येक तालुक्यांच्या गावी वही-पेनाचं दुकान आहे, पुस्तकाचं नाही. तिथे एखाद्या मंगल कार्यालयात पंधरा दिवसांचं प्रदर्शन लागलं तरच पुस्तकं डोळ्यांना दिसतात. पुण्याची 'अक्षरधारा' अशी प्रदर्शनं गावोगाव नेत आली आहे, आणि त्याही आधी 'ग्रंथाली'नं वाचक चळवळ म्हणून हेच काम अंगावर घेतलं होतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं ते 'ग्रंथाली'कडूनच, हे विसरायला नको. घरपोच पुस्तकांनी या गावांचं भलंच केलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिथल्या वाचकानं पडद्यावर पुस्तक मागवलं तर माझा काही आक्षेप नाही.

माझं म्हणणं आहे ते ज्यांच्या गावात दुकान अजून उघडं आहे त्यांच्याशी. पुण्यात कॅम्पातलं 'मॅनीज' २०१२ मध्ये बंद झालं, तेव्हा चार दिवस सगळे हळहळले. त्या हळहळीतून कुणाचं भाडं निघत नाही. तुमच्या गावातल्या दुकानात जा आणि विक्रेत्याशी दोन वाक्यं बोला. त्याला तुमच्याशी बोलण्यात रस नसेल, तो मोबाइलमधून मानही वर काढत नसेल, तर खुशाल घरी बसून मागवा; त्या दुकानाशी इमान राखायचं तुमच्यावर काही ओझं नाही. पण 'मागचं कुठलं वाचलंत?' असं विचारणारा भेटला, तर हवं ते पुस्तक त्याच्याकडे नाव लिहून मागवा, आठ दिवस थांबा, आणि घेताना छापील किंमत द्या. सुट्टे नसतील तर वरचे पाच रुपये मागू नका.